दार बसेना? आधी केबिन बघा!

एक काम करा. आज कॉलेजातून परत जाताना रस्त्याच्या कडेला एखादा जुना ट्रक उभा दिसला तर जरा थांबा आणि ड्रायव्हर खाली उतरून दार कसं लावतो ते बघा. तो नुसतं ढकलत नाही. आधी हँडलला धरून दार बोटभर वर उचलतो, मग खांद्यानं रेटा देतो आणि मगच ‘धडाम’ असा आवाज येतो. त्याला आता त्याचं काहीच वाटत नाही, हाताला सवय झालेली असते. पण नवा क्लीनर आला की त्याचं पहिल्या दिवसाचं ट्रेनिंग हेच, ‘‘उचलून लाव रे, उचलून!’’

तो जो ‘उचलून’ आहे ना, त्या एका शब्दापायी आम्ही चौघांनी सहा रविवार घालवले. म्हणून आज तो तुमच्याही गळ्यात मारतो.

जुन्या गाड्यांच्या रिस्टोरेशनचे रील्स तुम्ही बघतच असाल. साठ सेकंदांत गंजका सांगाडा आत जातो आणि चकाचक गाडी बाहेर येते. मध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या, मागे जोरदार म्युझिक. इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तो क्षण सगळे दाखवतात. दार लागतं तो क्षण मात्र कुणी दाखवत नाही. कारण त्यात दिसण्यासारखं काही नसतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचं दार शेवटपर्यंत नीट लागलेलंच नसतं! रंग असा मारतात की फोटोत फट दिसत नाही.

आमचा ट्रक म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा, फार्गो. आपल्या पिढीला हे नाव माहीत असायचं कारण नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईत कुर्ल्याला अमेरिकेतल्या क्रायस्लरच्या परवान्यावर गाड्या बनवायची. डॉज आणि फार्गो हे तिचे ट्रक. आबांच्या फार्गोनं वर्षानुवर्षं गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या गूळ बाजारात ढेपा नेल्या. मग तो गोठ्यामागे उभा राहिला तो राहिलाच. भंगारवाला दोनदा दर सांगून गेला. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा आबा घरात निघून गेले आणि काही बोललेच नाहीत. तेव्हा आमच्या मित्रानं शब्द देऊन टाकला की दिवाळीपर्यंत ट्रक उभा करतो. तेव्हा आम्ही थर्ड इयर मेकॅनिकलला होतो. टॉलरन्स, फिट, क्लिअरन्स हे सगळं कागदावर काढून मार्क मिळवलेले. त्यामुळे आत्मविश्वास जाम!

केबिन म्हणजे बुटाचा खोका

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. बुटाचा रिकामा खोका घ्या आणि हातात धरून पिळा. सहजासहजी पिळत नाही. आता त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठी भोकं कापा आणि पुन्हा पिळा. लगेच तिरका होतो. ट्रकचं केबिन हेच आहे. वर छप्पर, खाली फ्लोअर, पुढे काउल, मागे भिंत आणि दोन्ही बाजूंना दारांची भलीमोठी भोकं. त्या भोकाला ताठ ठेवणाऱ्या गोष्टी मोजून चार. पुढचा खांब, ज्याला बिजागऱ्या लागतात. मागचा खांब, ज्यावर कुलपाचा खटका असतो. वरची छपराची कड. आणि खाली, पाय ठेवून चढतो त्या जागेतली पोकळ पट्टी, जिला गॅरेजात कुणी सिल म्हणतं, कुणी नुसतंच ‘खालची पट्टी’.

आता सांगा, यातली कोणती पहिली गंजत असेल? अर्थातच खालची. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या आत उतरतं, दाराच्या तळाला पाणी जायला ठेवलेली बारीक भोकं मातीनं बुजलेली असतात, पाणी साठतं, ठिबकतं आणि सिलमध्ये जिरतं. आमच्या ट्रकचं सिल उजवीकडून, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूनं, इतकं सडलं होतं की स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. मग काय, ग्राइंडर होताच हातात. एका दुपारीत सडका पत्रा कापून काढला, नवीन पत्रा वाकवून आणला, बसवला आणि लांबच लांब वेल्डिंग मारून टाकलं. फोटो काढले. स्टेटस टाकलं.

संध्याकाळी दार लावायला गेलो तर ते लागेना. मागच्या कडेला वरच्या बाजूनं दार खांबावर घासत होतं आणि खालच्या बाजूला एवढी फट की बोट आत जावं. पुढे बिजागऱ्यांच्या बाजूला नेमकं उलटं, वर फट मोठी, खाली जवळजवळ बंद. शिवाय दाराचं मागचं टोक सरळ खाली लोंबलेलं. आम्ही काय केलं असेल? जे सगळे करतात तेच. बिजागऱ्यांचे बोल्ट ढिले केले, दाराखाली जॅक लावला, उचललं, बोल्ट कसले. वर जुळलं तर खाली बिघडलं. खाली जुळवलं तर दार बाहेर आलं. असा एक अख्खा रविवार गेला. दुसऱ्या रविवारी आमच्यातल्या एकानं दाराची कड घासून कमी करायची आयडिया काढली. ती तेवढी केली नाही, हे नशीब.

गावात एक डेंटिंगवाले चाचा आहेत. वय सत्तरच्या पुढे, आता काम फारसं घेत नाहीत. त्यांना हातापाया पडून आणलं. त्यांनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. केबिनच्या मागे जाऊन उकिडवे बसले, एक डोळा मिटून छपराच्या कडेनं नजर लावली, मग उजव्या बाजूला येऊन आमच्या नव्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला.

‘‘कापताना आत पाइप मारला हुता का?’’

आम्ही गप्प.

‘‘मग दाराला कशाला बोल लावता? दार न्हाई वाकडं, घर वाकडं हाय.’’

कर्ण काढा, कर्ण!

झालं होतं असं. केबिन चेसिसवर पुढे आणि मागे टेकलेलं असतं, मधला भाग अधांतरी. तो भाग तोलून धरायचं काम सिल करतं. आम्ही सिल कापलं तेव्हा केबिन मधून किंचित खाली बसलं आणि पुढच्या खांबाचा पाय पुढे सरकला. डोळ्यांना काही दिसलं नाही. त्याच अवस्थेत आम्ही नवीन पत्रा मापात कापून जोडला, म्हणजे चूक वेल्डिंग करून पक्की केली! किती सरकला होता? चाचांनी टेप मागवला आणि मोजायला लावलं. दाराच्या भोकाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून मागच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर. डाव्या, न कापलेल्या बाजूला १४२१ मिलिमीटर. उजव्या बाजूला १४२६.

आठवीतला पायथागोरस आठवा. भोक साधारण ९०० रुंद आणि ११०० उंच धरलं तर कर्ण येतो १४२१. कर्ण १४२६ यायला खालची रुंदी ९०८ व्हावी लागते. म्हणजे खांबाचा पाय आठ मिलिमीटर पुढे गेलेला. आता पुढचा हिशेब बघा, यात खरी गंमत आहे. ११०० मिलिमीटर उंचीत आठ मिलिमीटरचा कल, तर ४५० मिलिमीटर अंतरावर असलेल्या दोन बिजागऱ्यांमध्ये साधारण सव्वातीन मिलिमीटरचा. दाराची रुंदी त्या अंतराच्या दुप्पट, म्हणून मागचं टोक सहा-साडेसहा मिलिमीटर खाली. अगदी तेवढंच ते लोंबलं होतं! समरूप त्रिकोण आयुष्यात कुठे उपयोगी पडतात असं विचारणाऱ्या सगळ्यांना हे उत्तर पाठवून द्या.

इथे एक सावधगिरी. ट्रकच्या दाराचं भोक सरळ चौकोनी नसतं, पुढचा खांब काचेपाशी तिरका होतो. त्यामुळे एकाच भोकाचे दोन कर्ण एकमेकांशी जुळवत बसू नका. डाव्या बाजूचं माप उजव्या बाजूच्या त्याच मापाशी ताडून बघा. आणि हे सगळं काहीही कापायच्या आधी मोजून, केबिनच्या पत्र्यावरच खडूनं लिहून ठेवा. वहीत लिहिलं तर वही हरवते, मोबाइलमधला फोटो शंभर फोटोंत सापडत नाही.

मोजलं की भोकात आतल्या बाजूनं चौकोनी पाइप टाक्यांवर जोडायचा. एक आडवा, एक तिरका, म्हणजे त्रिकोण तयार होतात आणि त्रिकोण हलत नाही. पाइप असा आत घ्यायचा की तो असतानाही दार लावून बघता आलं पाहिजे. बऱ्याच जणांना हेच सुचत नाही. भोकाच्या मधोमध पाइप मारतात, मग दार बसवून बघायचं कसं? आणि वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची वायर काढा, डिझेलची टाकी लांब न्या, सीटचा फोम आणि रबरं बाहेर काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासताना पाणी मारून घासा आणि मास्क लावा. याबद्दल जास्त सांगत नाही, पण यातलं एकही टाळू नका.

आमचं सिल परत कापलं. स्वतःच्या हातानं केलेलं वेल्डिंग ग्राइंडरनं उडवताना कसं वाटतं ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. चाचांनी फ्लोअरच्या मध्यावर खालून लाकडी ठोकळा ठेवून बॉटल जॅक लावला आणि अर्धा-अर्धा दांडा मारत उचलायला लावलं. दर वेळी कर्ण मोजायचा. १४२६, १४२५, १४२३. तिथे थांबलो तर म्हणाले, अजून. १४२० पर्यंत नेलं. पत्र्याला स्प्रिंग असते, जॅक सोडला की तो थोडा मागे येतो, म्हणून मापाच्या थोडं पुढेच न्यायचं. जॅक सोडल्यावर १४२१ वर येऊन थांबला. मग पाइप. मग नवं सिल, पण नुसतं टाक्यांवर. मग दार टांगून बघायचं. आणि सगळं पटल्यावरच पक्कं वेल्डिंग, तेही बोटभर इथे, बोटभर तिथे, मध्ये थंड होऊ देत. सलग वेल्डिंग मारलं की थंड होताना पत्रा आकसतो आणि सगळं ओढून घेतो. आमच्या पहिल्या लांबच लांब टाक्यानं तेही पाप केलंच होतं.

पण खरी सुरुवात याच्याही खालून

केबिन आणि चेसिसच्या मध्ये रबराचे ठोकळे असतात. तीस-चाळीस वर्षांत ते दबतात, कुजतात. आपल्याकडे मग जुन्या टायरचे तुकडे कापून घालतात. जुगाड म्हणून ठीक आहे, पण आमच्या ट्रकला उजवीकडे मागे दोन तुकडे आणि डावीकडे एकच होता! म्हणजे केबिन जन्मभर एका कोपऱ्यावर तिरकं बसलेलं. त्यामुळे क्रम असा की आधी ट्रक सपाट जागेवर उभा करायचा, हवा सगळ्या टायरमध्ये सारखी, मग हे ठोकळे चारही नवे, बोल्ट पूर्ण कसलेले, आणि त्यानंतरच दाराचा विचार. ठोकळे शेवटी बदलले तर आधी केलेली सगळी जुळणी पाण्यात.

मग बिजागऱ्या. ही टेस्ट तुम्ही घरच्या कारवरही करू शकता. दार अर्धं उघडा, मागच्या खालच्या कडेला दोन्ही हातांनी धरा आणि हलकेच वर-खाली करा. नजर मात्र बिजागरीवर ठेवा. बिजागरीची दोन पानं एकमेकांत हलत असतील तर पिन आणि बुश झिजलेत. अख्खी बिजागरी हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा आतला खांबच फाटलाय, आणि ते जास्त गंभीर. दार टांगलेलं असताना वरची बिजागरी त्याला ओढून धरत असते आणि खालची ढकलून धरत असते. त्यामुळे झीज दोन्हीकडे उलट दिशांना होते आणि पिनमधली अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई दाराच्या टोकाला दुप्पट होऊन दिसते. ड्रायव्हरच्या बाजूला हे नेहमीच जास्त. कारण दार जास्त वेळा उघडतं, शिवाय चढताना निम्मे लोक दारालाच लोंबकळतात. ते ‘उचलून लाव’ प्रकरण सुरू होतं ते इथूनच.

जाम झालेली पिन काढणं हा एक स्वतंत्र रविवार असतो. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, दुसऱ्या दिवशी थोडी आच द्या, मग ठोका. आच देणार असाल तर दार आधी नागडं करा, म्हणजे आतलं रबर, पुठ्ठा सगळं बाहेर. पिन गोल झिजलेली नसते, एका बाजूनं खाल्लेली असते. भोकही तसंच लंबगोल होतं. त्यामुळे नुसती नवी पिन घालून उपयोग नाही, भोक रीमरनं गोल करून पितळी बुश बसवावा लागतो. उद्यमनगरात लेथवाल्याकडे आम्ही जुनी पिन घेऊन गेलो. त्यानं व्हर्नियर लावला, कॉलेजात तीन सेमिस्टर आम्ही जो फक्त जर्नलमध्ये काढला तोच व्हर्नियर, आणि चहा संपायच्या आत चार बुश काढून दिले.

पॅकिंगचा फंडा

आता केबिन सरळ, पिना नव्या. तरी दार पहिल्या फटक्यात बसेल अशी आशा ठेवू नका. पण त्याआधी दोन गोष्टी काढून टाका, मागच्या खांबावरचा खटका आणि दाराभोवतीचं रबर. खटका लावलेला असेल तर लोंबलेलं दार त्याच्यावर चढून बसतं आणि बंद केल्यावर बरोबर दिसतं. म्हणजे खटका तुमच्याशी खोटं बोलतो. रबर दाराला बाहेर ढकलतं, तेही खोटंच. उलट दाराची काच आणि काच वरखाली करायचं मशीन मात्र आधी बसवून घ्या. काचेचं वजन काही किलो असतं. रिकामं दार झकास जुळवलं आणि नंतर काच घातली की ते पुन्हा खाली येतं.

जुळवायला सुरुवात मागच्या कडेपासून करायची, कारण मागची भिंत आणि कोपरा कुठे हलत नाही. पुढचं मडगार्ड आणि बॉनेट बोल्टवर असतं, ते नंतर दाराला जुळवता येतं. उलटं केलं तर फसाल. आधी दार वर-खाली आणि पुढे-मागे, म्हणजे फटी सारख्या. मग आत-बाहेर, म्हणजे दाराचा पत्रा आणि केबिनचा पत्रा एका पातळीत. दोन्ही एकदम करायला गेलात की चक्रव्यूह. एका वेळी एकच बिजागरी ढिली करा, तीही पूर्ण नाही, हातोडीच्या लाकडी दांड्यानं टिचकी मारली तर सरकेल इतपतच.

बोल्टच्या भोकातली जागा संपली की पॅकिंग, म्हणजे बिजागरी आणि खांब यांच्या मध्ये घालायची पातळ पत्र्याची पट्टी. बिजागरीचं पान खांबाच्या मागच्या तोंडावर बसत असेल तर नियम सोपा आहे. दाराचं मागचं टोक वर हवं असेल तर खालच्या बिजागरीमागे पॅकिंग घाला. खाली हवं असेल तर वरच्या बिजागरीमागे. आधी हे उलटं वाटतं. कागदावर आयत काढा, त्याचा खालचा कोपरा मागे ढकला आणि टोक कुठे जातं ते बघा. आणि किती घालायचं? पुन्हा तोच दुपटीचा हिशेब. आमचं टोक शेवटी दोन मिलिमीटर खाली होतं, तर खालच्या बिजागरीमागे एक मिलिमीटर. घातली. बोल्ट कसले. मागच्या फटीत चार मिलिमीटरच्या प्लायची पट्टी वरून सोडली तर ती न अडकता सरळ खाली आली. चौघांनी जो आरडाओरडा केला, गोठ्यातली म्हैस बिथरली.

फट किती असावी यावरून रिस्टोरेशनवाल्यांत वाद असतात. माझं मत विचाराल तर आजच्या कारसारखी केसाएवढी फट जुन्या ट्रकला मागू नका. कारखान्यातून निघाला तेव्हाही तो तसा नव्हता. चार-पाच मिलिमीटर सगळीकडे सारखी असली की बस. शिवाय प्रायमर, रंग, परत रंग असे थर दोन्ही कडांवर चढणार आहेत, त्यांना जागा ठेवा, नाहीतर नवा रंग पहिल्याच आठवड्यात कडेला उडेल. फट कुठे जास्तच राहिली तर दाराच्या कडेवर पातळ सळई वेल्ड करून घासून घ्या. लांबी भरून कड वाढवू नका. दार दिवसातून वीस वेळा आपटतं, लांबीचा तुकडा एक दिवस पडणारच.

राहिला पीळ. कधी कधी सगळ्या फटी बरोबर येतात, पण मागच्या कडेला दार वर टेकतं आणि खाली बाहेर येतं. म्हणजे दारच पिळलेलं. यावरचा उपाय बघून आमच्या पोटात गोळा आला. चाचांनी मागच्या कडेला वरच्या बाजूनं दार आणि खांबाच्या मध्ये लाकडाचा ठोकळा धरला आणि खालून गुडघ्यानं दार दाबलं. कर्र असा आवाज. ठोकळा काढला, लावून बघितलं, परत ठोकळा, परत गुडघा. तिसऱ्या वेळी दार सपाट. ‘‘जोर लावायचा, घाई न्हाई करायची,’’ एवढंच म्हणाले. ठोकळा रंगाच्या आधी लावायचा, आणि काच पूर्ण खाली घेऊन, हे आमच्याकडून लिहून घ्या.

खटका सगळ्यात शेवटी बसवायचा. दार येऊन खटक्यात अलगद शिरलं पाहिजे, खटक्यानं दाराला उचलायचं नाही, दाबायचं नाही. मग रबर. इथे अनेकांची पुन्हा फसगत होते. नवं रबर जाड किंवा कडक असेल तर दार लागत नाही, आणि लोक परत बिजागऱ्या ढिल्या करत बसतात. तसं करू नका. याच पानाची एक लांब पट्टी फाडा (वाचून झाल्यावर!), ती दारात अडकवून दार लावा आणि ओढा. थोडी अडकून, न फाटता निघाली तर रबर बरोबर. सुळकन आली तर तिथून पाणी येणार. हलतच नसेल तर तिथे रबर जास्त दाबलं जातंय. असं दाराभोवती दहा-बारा जागी करा. आमच्या ट्रकला नवं रबर वरच्या कोपऱ्यात जाड पडत होतं, ते बदलून मऊ घेतलं.

एक अपवाद सांगायचा राहिला. आपल्याकडे पुष्कळ ट्रक कंपनीतून नुसत्या काउलसकट यायचे आणि केबिन बॉडी बिल्डरकडे लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून बनायचं. तुमच्या वाट्याला तसा ट्रक आला तर वरचं निम्मं विसरा. तिथे दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात सुटतं, अगदी गावाकडच्या घराच्या दारासारखं, आणि डेंटरच्या आधी सुतार बोलवावा लागतो. डाव्या-उजव्या बाजूची मापं जुळतीलच असंही नाही, कारण दोन्ही बाजू हातानं आणि नजरेनं केलेल्या असतात.

आणि ज्यांना यात खरंच रस वाटतोय त्यांच्यासाठी, आयटीआयमध्ये मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर नावाचा ट्रेड आहे. इंजिनीअरिंगची पोरं तिकडे बघून नाक मुरडतात, आम्हीही मुरडायचो. आता नाही. चाचांच्या हाताखाली सध्या कुणीच शिकत नाही. त्यांचा मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो.

दिवाळी हुकली. पाडव्याच्या दिवशी ट्रक गोठ्यामागेच होता, बिनरंगाचा, लाल प्रायमरमध्ये, आणि आबांना आम्ही तोंड दाखवायला गेलो नाही. उजवं दार लागलं ते त्यानंतरच्या रविवारी. आबांना खुर्ची टाकून बाहेर बसवलं. काठी बाजूला ठेवून ते उठले, हँडलला हात घातला आणि सवयीनं दार वर उचललं. ते उचललं गेलंच नाही, कारण उचलायला आता जागाच नव्हती. क्षणभर थांबले. मग नुसतं दोन बोटांनी ढकललं. ‘ठक्क.’

‘‘परत उघड,’’ ते नातवाला म्हणाले. असं चार वेळा झालं. मग म्हणाले, ‘‘आणि ते क्लीनर साइडचं?’’

डावं सिल अजून कापलेलं नाही. तेही सडलंय. पाइप आणून ठेवलाय, कर्णाचं माप खडूनं लिहिलंय, पावसानं पुसलं जाऊ नये म्हणून वरून वार्निशचा हात मारलाय. या रविवारी सुरुवात.